विक्रम की नोंद? : गणपतराव देशमुख यांच्या निवडणूक-कारकिर्दीच्या वाचनाविषयी काही विचार

सांगोल्याचे माजी आमदार गणपतराव देशमुख यांचे ३० जुलै २०२१ रोजी निधन झाले. त्यांच्या वयाला पंचाण्णव वर्षे पूर्ण होण्यास तेव्हा केवळ काही दिवस उरले होते. त्या निमित्ताने मराठी वृत्तपत्रांतून जे लेखन झाले त्यात तीन विधाने जवळजवळ ठरल्याप्रमाणे आढळतात. गणपतराव अकरा वेळा निवडून आले. हा एक विक्रम होय. आणि हे सर्व एकाच मतदारसंघातून व एकाच पक्षातर्फे घडले. ही विधाने आदरातून निघालेली आहेत याविषयी शंका नाही. तथापि आदराने केलेले विधान तपासून पाहू नये असा काही दंडक नाही. किंबहुना ज्या माणसाच्या हिशेबीपणाची एवढी वाखाणणी झाली त्याच्याच हिशेबात ढिलाई राहावी, हे त्या आदरालाही शोभणारे नाही.

प्रथम ‘विक्रम’ या शब्दाचाच विचार करावा लागतो. इंग्रजीतील ‘रेकॉर्ड’ हा शब्द मुळात लेखी नोंदीचा वाचक आहे. स्पर्धेतील उच्चांक हा त्याचा नंतरचा अर्थ. मराठीने या दुसऱ्या अर्थासाठी ‘विक्रम’ हा शब्द योजला. त्या शब्दाच्या पोटी पाऊल टाकणे, पराक्रम करणे हा भाव आहे. परिणाम असा झाला की जी गोष्ट मुळात नोंदवहीत पाहायची, ती मराठी वाचक रणांगणावर पाहू लागला. नोंद ताडून पाहता येते, पराक्रम गावा लागतो. गणपतरावांविषयीच्या लेखनात हा फरक पदोपदी जाणवतो.

नोंद मात्र अगदी साधी आहे. १९६२ आणि १९६७ च्या निवडणुकांत शेतकरी कामगार पक्षातर्फे सांगोल्यातून विजय. १९७२ मध्ये पराभव. १९७४ च्या पोटनिवडणुकीत पुन्हा विजय. त्यानंतर १९७८, १९८०, १९८५ आणि १९९० असे लागोपाठ चार विजय. १९९५ मध्ये पराभव. आणि मग १९९९, २००४, २००९ व २०१४ असे आणखी चार. बेरीज अकराच येते, त्यात वाद नाही. वाद आहे तो या अकरांना दिलेल्या स्थानाविषयी.

२००९ मध्ये त्यांनी तमिळनाडूच्या एम. करुणानिधींच्या दहा विजयांची बरोबरी केली आणि २०१४ मध्ये ती संख्या ओलांडली, असे वारंवार छापले गेले. करुणानिधींची नोंद पाहिली तर हे टिकत नाही. १९५७ पासून २००६ पर्यंतच त्यांचे विधानसभेवरील विजय अकरा भरतात. २०११ चा बारावा आणि २०१६ चा तेरावा. आणि त्यांत पराभव एकही नाही. केरळातील के. एम. माणी यांचे पाला या एकाच मतदारसंघातून तेरा विजय सांगितले जातात. ओमेन चांडी १९७० पासून पुतुप्पळ्ळीतून बारा वेळा निवडून आले. म्हणजे देशातील उच्चांक सांगोल्याकडे नाही. माणींच्या तेरांतही एक मौजेचा पेच आहे. त्यांतला पहिला विजय १९६५ चा. त्या निवडणुकीत कोणालाच बहुमत न मिळाल्याने ती विधानसभा कधी भरलीच नाही. जो सदस्य सभागृहात बसलाच नाही तो निवडून आला, पण आमदार झाला काय? मोजणीच्या प्रश्नाला आपण समजतो तितके सरळ उत्तर नसते, एवढेच यावरून दिसते.

तीच गत वर्षांच्या आकड्यांची. गणपतराव कोठे पन्नास, कोठे चौपन्न, तर कोठे पंचावन्न वर्षे आमदार होते असे वाचावयास मिळते. पहिल्या विजयापासून २०१९ मध्ये विधानसभेची मुदत संपेपर्यंत सत्तावन्न वर्षांचा काळ जातो. त्यातून १९७२ ते १९७४ आणि १९९५ ते १९९९ हे दोन खंड वजा केले असता बाकी उरते ती सुमारे पन्नास ते एकावन्न वर्षांची. २०१२ मध्ये विधिमंडळातील पन्नास वर्षांबद्दल त्यांचा गौरव झाला तेव्हा पहिल्या प्रवेशाला पन्नास वर्षे झाली होती. सभागृहातील प्रत्यक्ष वास्तव्य त्याहून कमी होते. गौरवसमारंभात असे वजाबाकीचे गणित कोणी मांडत नाही हे समजण्यासारखे आहे. परंतु चरित्रलेखकाने ते मांडले पाहिजे.

या वजाबाकीत जे दोन खंड जातात तेच या कारकिर्दीतील सर्वांत बोलके भाग आहेत, आणि त्यांकडेच सर्वांत कमी लक्ष गेले आहे. याचे एक कारण मराठीच्या क्रियापद-व्यवस्थेत शोधता येईल. ‘गणपतराव निवडून आले’ या वाक्यात कर्ता गणपतराव आहेत. ज्याने निवडले तो मतदार वाक्यात कोठेच नाही. ‘निवडून येणे’ हा प्रयोग धड कर्मणी नाही आणि धड कर्तरीही नाही. निवडण्याची क्रिया दुसऱ्याची, येण्याची क्रिया उमेदवाराची, आणि दोहोंच्या सांध्यात निवडणारा गळून गेलेला. ‘सांगोलेकरांनी त्यांना निवडून दिले’ असे म्हणताच तो गळलेला कर्ता परत येतो. पराभवाची भाषा याहून निराळी. तेथे ‘पडणे’ आहे आणि त्याच्या शेजारीच ‘पाडणे’ आहे. ‘आबासाहेब पडले’ असे म्हटले की ऐकणारा लगेच ‘कोणी पाडले?’ असे विचारतो. म्हणजे विजयात मतदार अदृश्य राहतो आणि पराभवात तो, किंवा त्याच्या वतीने प्रतिस्पर्धी, एकाएकी प्रकट होतो. अकराच्या स्तुतीत सांगोल्याचा मतदार का दिसत नाही, याचे उत्तर काही अंशी या भाषिक सवयीत आहे.

१९९५ चा पराभव काँग्रेसच्या शहाजीबापू पाटील यांच्याकडून झाला आणि तो अवघ्या १९२ मतांनी झाला. ‘सांगोला हा गणपतरावांचा बालेकिल्ला’ हे आणखी एक ठरीव वाक्य. त्याच्याशी हा आकडा ताडून पाहावा. बालेकिल्ला म्हणजे किल्ल्याच्या आतला, सर्वांत शेवटी पडणारा किल्ला. एकशे ब्याण्णव मतांनी हातचा जाणारा आणि चार वर्षांनी परत मिळणारा मतदारसंघ हा बालेकिल्ला नव्हे. दर खेपेस नव्याने नांगरावे लागणारे ते रान होते. हा पराभव कोणत्या काळात झाला हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. १९९३ पासून आटपाडीला दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरू लागल्या होत्या. नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या त्या चळवळीत, कृष्णेचे पाणी उचलून पर्जन्यछायेतील शिवारांना समन्यायाने द्यावे या मागणीसाठी, गणपतराव अग्रभागी होते. ज्या कामासाठी त्यांचे नाव पुढे सर्वाधिक घेतले गेले त्या कामाच्या ऐन भरात ते पडले. पाण्यासाठी झगडला म्हणून लोकांनी निवडून दिला, असा सरळ कार्यकारणभाव लावणाऱ्यांनी या वर्षाशी थोडे थांबावयास हवे. १९७२ हे तर दुष्काळाचेच वर्ष. पण त्या पराभवाच्या वेळी काँग्रेसची लाट राज्यभर होती, त्यामुळे त्याला स्थानिक अर्थ लावणे अवघड आहे. १९९५ ला तशी पळवाट नाही.

‘एकाच मतदारसंघातून’ हे विधान नावापुरते अचूक आहे. १९६२ नंतर विधानसभा मतदारसंघांच्या सीमा एकाहून अधिक वेळा नव्याने आखल्या गेल्या. २००९ ची निवडणूक नव्या रचनेनुसार झाली. मतदानाचे वय १९८९ मध्ये एकवीसवरून अठरावर आले. १९६२ मध्ये ‘खटारा’ या चिन्हावर शिक्का मारणारा मतदार आणि २०१४ मध्ये यंत्राचे बटण दाबणारा त्याचा नातू यांना एकच ‘सांगोला’ म्हणणे ही सोय आहे. खरे आश्चर्य सोयीच्या या शब्दाने झाकले जाते. उमेदवार तोच राहिला आणि मतदारसंघ मात्र तीन पिढ्यांत बदलत गेला, तरी दोघांची गाठ पुन्हा पुन्हा पडली.

राहिले ‘एकाच पक्षातर्फे’. या तिन्हींपैकी हेच विधान पूर्णपणे टिकते आणि त्याचीच चिकित्सा सर्वांत कमी झाली आहे. करुणानिधींचे मतदारसंघ बदलले. माणी आणि चांडी यांच्या पक्षांत फुटी झाल्या, नावे व गट बदलले. गणपतरावांनी यांपैकी काही होऊ दिले नाही. १९७८ मध्ये आणि पुन्हा १९९९ मध्ये ते मंत्री झाले तेही शेतकरी कामगार पक्षाचे म्हणूनच. याला ‘निष्ठा’ म्हटले जाते. शब्द योग्य आहे, परंतु तो सगळा भार एका व्यक्तीच्या शीलावर टाकतो. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या या पक्षाचे १९६२ च्या विधानसभेत पंधरा, १९७८ मध्ये तेरा, आणि २०१४ मध्ये तीन आमदार होते. पक्ष आटत गेला आणि सांगोला उरले. राज्यभराच्या शेतकऱ्या-कामकऱ्यांसाठी निघालेला पक्ष रायगडचा काही भाग व सांगोला एवढ्यात सामावला, तेव्हा त्या आकसण्यात त्याच्या सर्वांत ज्येष्ठ आमदाराचा वाटा कोणता, हा प्रश्न मृत्युलेखात कोणी विचारला नाही. विरोधी पक्षनेतेपद भूषविलेल्या आणि सभागृहातील बारीक अभ्यासासाठी सर्वपक्षीय मान मिळविलेल्या नेत्याला शेजारच्या तालुक्यांतही पक्ष रुजविता आला नाही. याचा अर्थ त्याने कमी केले असा नाही. सूतगिरणी, पाणी, रोजगार हमी या तालुक्याच्या कामांत त्याने आपले आयुष्य एवढे गुंतविले की पक्ष तालुक्याच्या मापाचा झाला. गुण आणि मर्यादा येथे एकाच मुळापासून फुटलेल्या दिसतात. एस.टी.ने प्रवास करणाऱ्या आमदाराच्या आख्यायिका सांगताना ही दुसरी बाजू गाळली, तर चित्र गोड होते पण खरे राहत नाही.

२०१९ मध्ये गणपतराव उभे राहिले नाहीत. पक्षाने त्यांचे नातू अनिकेत देशमुख यांना उमेदवारी दिली आणि ते शिवसेनेचे उमेदवार म्हणून उभ्या राहिलेल्या शहाजीबापू पाटील यांच्याकडून ७६८ मतांनी पराभूत झाले. याच पाटलांच्या एका दूरध्वनी-संभाषणातील झाडी, डोंगर व हाटेल यांविषयीच्या उद्गारांनी २०२२ मध्ये माणदेशी बोली महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचविली. अकरा निवडणुकांना जे जमले नव्हते ते एका वाक्याने साधले, हा भाषाभ्यासकाला सुचणारा विनोद येथे नमूद करण्यास हरकत नाही. २०२४ मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी पाटलांचा पराभव करून ती जागा परत मिळविली, आणि संपूर्ण राज्यात शेतकरी कामगार पक्षाची निवडून आलेली जागा तेवढी एकच होती. दोन्ही वेळच्या वृत्तांतांत ‘आबासाहेबांचा नातू पडला’, ‘आबासाहेबांचा नातू निवडून आला’ अशीच वाक्यरचना आढळते.