छायाचित्रातील माणसाचे नाव

उपेक्षितांचे जीवन हा प्रदर्शनांचा, पुस्तकांचा आणि पारितोषिकांचा विषय होऊन आता बराच काळ लोटला आहे. अशा छायाचित्रांसमोर उभा राहिलेला प्रेक्षक क्षणभर हळहळतो, छायाचित्रकाराच्या नजरेचे कौतुक करतो आणि पुढच्या चौकटीकडे वळतो. ज्याचे चित्र काढले गेले त्याच्या पदरी काय पडले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. सुधारक ओलवे यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांवर केलेल्या छायाचित्रमालिकेच्या निमित्ताने तो येथे मांडावा, असे आम्हांस वाटते.

या प्रश्नाला आपल्याच प्रांतात जुना इतिहास आहे. विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने मुंबईतील रहिवाशांच्या जातीजमाती दाखविणारा ग्रंथ १८६३ व १८६६ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केला. त्यातील अनेक चित्रांत माणसे एका ठिकाणी टिपलेली आहेत आणि पार्श्वभूमी दुसऱ्याच ठिकाणची आहे. दोन्ही नंतर जोडलेली. त्यापाठोपाठ १८६८ ते १८७५ या काळात सरकारी आश्रयाने ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ निघाला. राज्यकर्त्यांना प्रजेची ओळख हवी होती, पण ती जातीची, जमातीची आणि उपयुक्ततेची. चित्राखाली समाजाचे नाव आले की काम भागत असे. समोर बसलेल्या माणसाला आईबापांनी ठेवलेले नाव त्या व्यवहारात बहुधा अनावश्यक ठरले.

ओलवे यांचे काम या परंपरेच्या नेमक्या उलट दिशेने जाते. १९८८ पासून ते मुंबईत वृत्तपत्र-छायाचित्रकार म्हणून वावरले. सफाई कामगारांवरील त्यांच्या मालिकेची नॅशनल जिऑग्राफिक संस्थेने २००५ मध्ये पारितोषिक देऊन दखल घेतली आणि २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या कृष्णधवल चित्रांत गटाराच्या तोंडातून आत उतरलेला देह आहे, उघड्या हातांनी उपसलेली घाण आहे, आणि या कामावर निघताना शहराने माणसाच्या अंगावर काहीही संरक्षण चढविलेले नाही हे उघड वास्तव आहे. परंतु ओलवे गटाराशी थांबत नाहीत. ते कामगाराच्या मागोमाग त्याच्या वसाहतीत, त्याच्या घरात जातात. आम्हांस या मालिकेचे खरे बळ तेथे दिसते. कामाच्या जागी घाणीने माखलेला जो देह ‘सफाई कामगार’ या एका शब्दात मावत होता, तो घरी कोणाचा तरी बाप असतो, कोणाचा नवरा असतो. एका दिवसाच्या भेटीत असे दार उघडत नाही. त्यासाठी वारंवार जावे लागते, पुष्कळदा कॅमेरा पिशवीतच ठेवून बसावे लागते.

तरीही या मालिकेला काही कठीण प्रश्न विचारले पाहिजेत. कृष्णधवल छायाचित्राला स्वतःचे एक सौंदर्य असते. ओल्या चिखलावर पडलेला प्रकाश डोळ्यांना सुखावतो आणि दुर्गंधी तर कागदावर उतरतच नाही. दुसरे असे की छायाचित्र परिणाम दाखविते, कारण दाखवू शकत नाही. या कामात पिढ्यानपिढ्या प्रामुख्याने दलितच का, हे कोणत्याही भिंगातून दिसत नाही. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसास त्याची नोकरी मिळते. ही तरतूद कुटुंबाला आधार देते. वसाहतीतील खोलीही पुष्कळदा तिच्यामुळेच टिकते. पण शिकलेला मुलगा पुन्हा त्याच झाडूकडे वळतो, तोही तिच्यामुळेच. हे सांगायला शब्दच लागतात. म्हणून अशा मालिकेत चित्राखालच्या मजकुराला चित्राइतकेच मोल असते.

छायाचित्रांनी जग बदलते, असा भाबडा विश्वासही बाळगू नये. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ मध्ये कायदा झाला, २०१३ मध्ये अधिक कडक कायदा आला. गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला आणि २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाखांवर नेली. भरपाई वाढवावी लागली, यातच मृत्यू थांबले नाहीत हे आले. चित्र कायद्याचे काम करू शकत नाही. मात्र ‘आम्हांला ठाऊक नव्हते’ ही सबब ते काढून घेते, आणि हेही थोडके नव्हे.

नावाचा प्रश्न पाश्चात्त्य जगालाही सुटलेला नाही. डोरोथिया लँग यांनी मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे मजुरांच्या छावणीत एका मातेचे छायाचित्र घेतले. अमेरिकेतील मंदीचे ते जणू प्रतीकच ठरले. पण त्या मातेचे नाव लँग यांनी विचारले नव्हते. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे तिचे नाव जगाला १९७८ मध्ये कळले, आणि त्या चित्रातून आपल्याला छदामही मिळाला नाही ही तिची तक्रारही तेव्हाच ऐकू आली. ब्राझीलचे सेबास्तियाव साल्गादो यांच्या स्थलांतरितांच्या भव्य चित्रांवर सुसान सोंटाग यांनी २००३ मध्ये हाच आक्षेप घेतला होता: चित्राखाली स्थळाचे नाव येते, माणसाचे येत नाही; नामवंताला नाव आणि दुबळ्याला केवळ व्यवसाय किंवा दुर्दशा. हा आक्षेप आम्हांस पूर्णतः ग्राह्य वाटतो.

आणखी एक कसोटी आहे. काढलेले चित्र परत कोठे जाते? पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत ग्रामीण स्त्रियांच्या कष्टांची छायाचित्रे घेतली. त्यांचे प्रदर्शन कलादालनांपुरते न ठेवता ते गावच्या चौकांत, बसस्थानकांवर, कारखान्यांच्या दारांत मांडले गेले. ज्यांचे आयुष्य चित्रात आहे, त्यांच्यासारख्याच स्त्रियांनी ते पाहावे आणि त्यात चुकले असेल ते दाखवावे, याला आम्ही उत्तरदायित्व म्हणतो.

आता वाचकांनी आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्याकडे पाहावे. १०६० मधील शिलालेख असलेल्या अंबरनाथच्या शिवालयाची छायाचित्रे एकोणिसाव्या शतकापासून निघत आहेत. तेथील दगडी मूर्तींच्या मुद्रा अभ्यासकांना पाठ आहेत. त्याच देवळाच्या पायथ्याशी वाहणाऱ्या वालधुनीच्या काठी राहणाऱ्या माणसांच्या मुद्रा कोणी जपल्या? फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत सिंधी निर्वासितांनी संसार थाटले, १९४९ मध्ये त्या छावणीचे उल्हासनगर झाले. त्या पिढीतील फारच थोडे आज हयात आहेत. येथील जीन्सच्या धंद्यात राबलेले शिलाई व धुलाई कामगार, अंबरनाथच्या बंद पडलेल्या काड्यापेटी कारखान्याचे वृद्ध कामगार, बदलापूरच्या आसपास वीटभट्ट्यांवर मुलाबाळांसह राबणारी कातकरी कुटुंबे, ही सारी माणसे मुंबईच्या वृत्तपत्रांना एरवी दिसत नाहीत. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, तेव्हा देशभर बदलापूरची चित्रे झळकली. सुमारे हजार प्रवासी सुखरूप बाहेर निघाले आणि कॅमेरेही त्यांच्याबरोबर परतले. नदीकाठच्या घरांत शिरलेला चिखल उपसणे त्यानंतर कितीतरी दिवस चालते.

धर्मादाय संस्थांचे वार्षिक अहवालही या कसोटीला लावून पाहावेत. देणगीदाराचे नाव ठळक टाइपात छापायचे आणि मदत घेणाऱ्या बाईचा चेहरा ‘एक लाभार्थी’ म्हणून, ही रीत शोभणारी नाही. तिची संमती असेल तर नाव छापावे. संमती नसेल तर चेहराही छापू नये. धर्मग्रामाच्या स्नानसंस्कार नोंदवहीत श्रीमंताच्या बाळाला एक ओळ मिळते आणि वीटभट्टीवरच्या बाळालाही एकच ओळ मिळते. नाव, आईबापांची नावे, तारीख. तेथे कोणी ‘लाभार्थी’ नसतो.

आज प्रत्येक तरुणाच्या खिशात कॅमेरा आहे. आपल्या तीन शहरांतील शाळा, महाविद्यालये आणि युवक मंडळांनी एक वर्ष एवढेच करावे: एका वस्तीत पुन्हापुन्हा जावे, परवानगी मागावी, नाव विचारावे आणि ते नीट लिहून घ्यावे. चित्राची पहिली प्रत त्या घरी पोचवावी, आणि प्रदर्शन भरवायचेच तर ते त्या वस्तीतच आधी भरवावे. तेथील एखाद्या आजीने ‘हे माझे चित्र नव्हे’ असे म्हटले, तर ते निमूटपणे भिंतीवरून उतरवावे.