यादी उघडून पाहताना : स्प्लंकच्या भाषेतलं एक क्रियापद

आज आपण एका आज्ञेची समीक्षा करणार आहोत. स्प्लंकमध्ये लॉग शोधायला एसपीएल नावाची भाषा आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. लॉगच्या नोंदीत बहुधा नुसता आयपी पत्ता असतो, किंवा कर्मचारी क्रमांक. तो कोणाचा, कुठल्या विभागातला, हे सांगणारा तक्ता वेगळा ठेवतात. बरेचदा साधी सीएसव्ही फाइल. हा झाला लुकअप.

तो उघडून पाहायचा तर आधी उभी दांडी, म्हणजे पाइप, मग 'इनपुटलुकअप' आणि फाइलचं नाव. स्प्लंकबरोबर देशांची एक तयार यादी येते, तिच्यावर चालवून बघा; देश, खंड सगळं ओळीने समोर येतं. युनिक्समध्ये पाइपच्या डावीकडे काहीतरी असतंच, इथे मात्र रिकामं. नवशिक्याला हे खटकतं. आम्हाला ती खूण आवडते : लॉगमध्ये जाऊ नको, इथूनच सुरुवात कर, असं ती बजावते. दांडी विसरलात तर स्प्लंक 'इनपुटलुकअप' हा शब्दच नोंदींमध्ये शोधत बसतो!

नावांबद्दल मात्र आमची तक्रार आहे. 'लुकअप' नोंदीला माहिती जोडतं, 'इनपुटलुकअप' यादी वाचतं आणि 'आउटपुटलुकअप' ती लिहितं. सुमो लॉजिकने याच कामाला 'कॅट' म्हटलं, युनिक्सवाल्याला लगेच उमगतं. इथे वाचणं आणि पुसून लिहिणं यांत फक्त एका उपसर्गाचं अंतर. आणि पुसणं खरंच, बरं का. 'आउटपुटलुकअप'ला वेगळं काही सांगितलं नाही तर ते जुन्या मजकुरावर नवा चढवतं. शोधाचा निकाल रिकामा आला तर जुनी यादीही हातची जाते. ज्या आज्ञेने नुकसान होऊ शकतं, तिचं नाव तरी वेगळं दिसायला हवं होतं की नाही?

पण हे किरकोळच. खरी गोम काळाची आहे. लॉगच्या भाषेत प्रत्येक नोंदीला वेळ असते. तोच तिचा प्राण. 'इनपुटलुकअप' मात्र आज फाइलमध्ये जे आहे तेच दाखवतं. पडद्यावर तुम्ही जानेवारी निवडा नाहीतर मार्च, यादी ढिम्म हलत नाही. आता समजा, एक कर्मचारी मार्चमध्ये लेखा विभागात गेला. जानेवारीतलं त्याचं लॉगिन आज तपासलं तर त्याच्यापुढे 'लेखा' लागतं. मग लेखा विभागाचा माणूस तेव्हा भांडार विभागाच्या सर्व्हरवर काय करत होता, असा प्रश्न निघतो. आणि त्याचं उत्तर द्यावं लागतं एका निरपराध माणसाला.

कोणी म्हणेल, वेळेनुसार जुळवणारा लुकअप स्प्लंकमध्ये करता येतो की. येतो, मान्य. पण ती सोय लुकअपच्या व्याख्येत, सेटिंगमध्ये दडलेली. शिवाय यादीत मुळात तारखेचा रकाना हवा. बहुतेक याद्या एक्सेलमधून येतात, त्यांत तो नसतोच. म्हणून आम्ही यादी जोडण्याआधी ती उघडून पाहतो आणि पहिल्यांदा तारखेचाच रकाना शोधतो. तो नसेल तर त्या यादीवरून जुन्या घटनेबद्दल कोणाचंही नाव अहवालात घालत नाही.