चव कुणाच्या हातची?

परदेशातून सणाला घरी आलेल्या मुलाला आपल्या सिनेमात एकच काम असतं: पानावर बसायचं आणि पहिल्या घासाला डोळे भरून आणायचे. सचिन कुंडलकरांचा ‘गुलाबजाम’ (२०१८) मला आवडतो, कारण यातला आदित्य लंडनची नोकरी सोडून पुण्यात स्वयंपाक शिकायला येतो. तोही आईकडे नाही, डबे करून देणाऱ्या राधाकडे. त्यामुळे ‘आईच्या हातची चव’ म्हणून आपण जिला मायेच्या खात्यात टाकतो, ते शिकावं लागणारं कसब आहे हे कळतं. खटकतं एवढंच, की कॅमेरा पदार्थांवर फार भाळतो. ताट देखणं दिसतं. रोजच्या ओट्यामागची दुखरी कंबर मात्र मला पुरेशी दिसत नाही.