अस्सल, नक्कल आणि तिसरी पिन

बाजारात जाणाऱ्या माणसांचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. वस्तू घ्यायला जाणारे आणि नुसता भाव विचारायला जाणारे. मी तिसऱ्या, अल्पसंख्याक वर्गात मोडतो. मी वस्तू पालथी करून पाहायला जातो. मिक्सर समोर आला की लोक त्याचा रंग पाहतात, भांडी मोजतात, ‘चटणीचं भांडं वेगळं मिळतं का हो?’ असे विचारतात. मी त्याला आधी पालथा घालतो आणि बुडाला स्क्रू किती आहेत ते मोजतो. आमच्या घरी याला ‘लक्षण’ म्हणतात. सौभाग्यवती दुकानात शिरतानाच दुकानदाराला बजावते, “यांच्या हातात काही देऊ नका हं. घ्यायचं मला आहे.”

मला विचाराल तर हे लक्षण नव्हे, ही समीक्षा आहे. कथा-कादंबऱ्यांवर समीक्षा लिहिणाऱ्यांना समाजात मान असतो. त्यांना शाल मिळते, नारळ मिळतो, परिसंवादाचे अध्यक्षपद मिळते. आता एखादी कादंबरी वाईट निघाली तर माणसाच्या फार तर दोन दुपारी वाया जातात, आणि त्यातली एक तो झोपूनच काढतो. पण कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह वाईट निघाला, तर वरणाचा अर्थ छताला लागतो! तरीसुद्धा कुकरवर परीक्षण लिहिणाऱ्याला आजवर कोणी नारळ दिल्याचे ऐकिवात नाही. ती उणीव यथाशक्ती भरून काढावी, म्हणून हा प्रपंच.

या शास्त्राच्या अभ्यासाला लांब जावे लागत नाही. मध्य रेल्वेने कल्याण सोडून कर्जतकडे निघालात, की विठ्ठलवाडीच्या पुढे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर अशी तीन स्टेशने ओळीने लागतात. काव्यशास्त्र शिकायला पूर्वी काशीला जात. वस्तुशास्त्र या तीन स्टेशनांत शिकून होते, आणि तेसुद्धा पासावर.

पहिला धडा उल्हासनगरचा. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंध सोडून आलेली सुमारे लाखभर माणसे या छावणीच्या बराकींत उतरली. १९४९ साली वसाहतीला ‘उल्हासनगर’ हे नाव मिळाले, पण रिक्षावाला आजही ‘कितव्या कॅम्पला?’ असेच विचारतो. घरदार मागे टाकून आलेल्या माणसांनी बराकीचे घर केले, घराच्या पुढच्या खोलीचे दुकान केले आणि मागच्या खोलीचा कारखाना. परमिट-लायसेन्सचे दिवस होते. देशात परदेशी मालाची भूक अफाट आणि माल औषधालाही नाही. तेव्हा इथल्या कारागिराने परदेशी वस्तू पाहिली, उघडली आणि तशीच एक घडवली. खाली शिक्का मारला, ‘मेड इन यूएसए’. कोणी हटकलेच, तर यूएसए म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’! ही दंतकथा मुंबईकरांच्या तीन पिढ्यांनी एकमेकांना डोळे मिचकावून सांगितली आहे. इथल्या फर्निचरने किती नवदांपत्यांचे संसार मांडून दिले आणि इथे शिवलेल्या जीन्स घालून किती पोरे कॉलेजात मिरवली, ते मात्र कोणी सांगत नाही. गावाचे नाव एकदा विनोदात अडकले की सुटत नाही.

माझे म्हणणे जरा वेगळे आहे. नक्कल करणाऱ्याला लोक चोर म्हणतात. मी त्याला समीक्षक म्हणतो. कारण मूळ वस्तू त्याच्याइतकी बारकाईने कोणीच वाचलेली नसते. पन्नास भागांची वस्तू त्याला निम्म्या पैशांत करायची असते. मग कोणते भाग ठेवायचे आणि कोणते गाळायचे, हा निर्णय त्याला घ्यावाच लागतो. आणि त्याने काय गाळले ते पाहिले, की आपल्याला काय हवे होते ते कळते. पूर्वीच्या चावीच्या घड्याळात सतरा माणके असत. हौशीखातर नव्हे, चाकांचे आस त्यांच्यावर फिरत, म्हणजे झीज कमी. नकली घड्याळात माणके नसत, पण तबकडीवर ‘सेव्हन्टीन ज्युएल्स’ हे शब्द ठसठशीत असत. याचा अर्थ सरळ आहे. गिऱ्हाइकाला माणके नकोच होती, शब्द हवे होते. तेवढे त्याने दिले. यापेक्षा चोख परीक्षण मी तरी वाचलेले नाही. फक्त ते नेमके कोणाचे परीक्षण आहे, घड्याळाचे की आपले, एवढाच प्रश्न उरतो.

नकलेच्या या दुनियेची स्वतःची परिभाषाही आहे. ‘फर्स्ट कॉपी’, ‘सेकंड कॉपी’ अशा प्रती लावतात. फर्स्ट कॉपीवाला सेकंड कॉपीवाल्याकडे ज्या नजरेने पाहतो, त्या नजरेने अस्सल कंपनीवालासुद्धा पाहत नसेल. एका दुकानात मी विचारले, “याची गॅरंटी काय?” दुकानदार प्रसन्नपणे म्हणाला, “चौखट तक, साहब.” दुकानाच्या उंबरठ्यापर्यंत! इतकी प्रांजळ गॅरंटी मोठमोठ्या कंपन्यांच्या सोळा पानी कागदावरही सापडत नाही. तिथे उंबरठा असतो, फक्त बारीक अक्षरात असतो.

दुसरे स्टेशन अंबरनाथ. इथे स्वीडिश कंपनीने काढलेला विम्कोचा काड्यापेट्यांचा कारखाना एके काळी गावाची ओळख होता. काड्यापेटीकडे आपण कधी नीट पाहत नाही. माझ्या मते एवढी गुणी वस्तू घरात दुसरी नसेल. तीत स्क्रू नाही, बिजागरी नाही, माहितीपत्रक नाही. एक खोके, त्यात सरकणारे दुसरे खोके. आजीपासून नातवापर्यंत कोणालाही शिकवावे लागत नाही. (नातवाला तर शिकवूच नये.) १ रुपयाची काड्यापेटी २००७ पासून तब्बल चौदा वर्षे १ रुपयालाच मिळत होती, डिसेंबर २०२१ मध्ये ती २ रुपयांची झाली. या काळात बाकी कशाकशाचे भाव कुठे गेले, ते आपण जाणताच.

पण तिची खरी करामत डोळ्यांना दिसत नाही. पूर्वीच्या काड्या कुठेही घासल्या तरी पेटत. बुटाच्या तळव्यावर काडी ओढून विडी शिलगावणारा इंग्रजी सिनेमातला नायक आठवा. त्या काड्यांत पांढरा फॉस्फरस असे. तो कारखान्यातल्या मजुरांच्या जबड्याची हाडे कुजवी आणि खिशातल्या खिशात पेटही घेई. १८४४ च्या सुमाराला स्वीडनमध्ये यावर तोड निघाली. पेटण्याचे काम दोघांत वाटून दिले. अर्धे रसायन काडीच्या गुलात, आणि तांबडा फॉस्फरस पेटीच्या कडेच्या पट्टीवर. दोघे भेटल्याशिवाय जाळ नाही. कित्येक सुखी संसार याच तत्त्वावर चालतात, फक्त उलट बाजूने. तिथे दोघे भेटले नाहीत तर जाळ होत नाही. सांगायचा मुद्दा, काड्यापेटीचा सगळ्यात मोठा गुण तिच्या रूपात नाही. तो न घडलेल्या आगीत आहे. आणि न घडलेली गोष्ट शोकेसमध्ये मांडता येत नाही.

असाच एक गुण बॉलपेनच्या टोपणाला असतो. बिक कंपनीच्या साध्या पेनाच्या टोपणाला टोकाशी एक भोक आहे. लहान मुलाने टोपण गिळले आणि ते घशात अडकले, तर डॉक्टर गाठेपर्यंत त्या भोकातून श्वास चालू राहावा, हा उद्देश. आता भोक पाडायला खर्च तो काय? पण बाजारात बिनभोकाची टोपणे ढिगाने मिळतात. नक्कल करणारा रंग उचलतो, खाचा उचलतो, कंपनीचे नाव तर उचलतोच. भोक मात्र राहून जाते. कारण ‘भोकाचं टोपण द्या’ असे म्हणणारे गिऱ्हाईक त्याला भेटलेलेच नसते.

अंबरनाथला आलोच आहोत, तर तिथले शिवमंदिरही पाहून घ्यावे. शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चे काम. दगडातली कलाकुसर पाहताना मान दुखते, डोळा दमत नाही. हे ज्यांनी कोरले, त्यांचे नाव आज कोणाला ठाऊक नाही. काम अस्सल, नाव नाही. एक स्टेशन मागे या. नाव ठसठशीत, काम विचारू नका. मध्ये अंतर एका स्टेशनाचे. माणूस लोकलमध्ये बसतो, तेवढ्यात उतरायची वेळ येते.

तिसरे स्टेशन बदलापूर. विकलेला माल बदलून मिळणार नाही अशी पाटी या गावात तरी नसावी असे वाटते, पण असते. बदलापूरचा धडा उल्हास नदीने शिकवला. २६ जुलै २००५ ला नदी गावात आली, आणि २०१९ च्या जुलैत पुन्हा आली. त्या वेळी महालक्ष्मी एक्सप्रेस पुढे वांगणीच्या अलीकडे पाण्यात अडकली होती. पूर ओसरल्यावर सखल भागातल्या घरांपुढे संसार उन्हात मांडलेले असतात. असे दिवस कोणावर येऊ नयेत. पण वस्तूंची एवढी निष्ठुर परीक्षा दुसरी नाही. जुने, जाडजूड, स्क्रूवाले मिक्सर उघडले जातात, धुतले जातात, उन्हात वाळतात, आणि त्यातले बरेचसे खाकरत का होईना पुन्हा सुरू होतात. नव्या, गुळगुळीत, कुठेही शिवण न दिसणाऱ्या वस्तू मात्र उघडतच नाहीत. त्या गोंदाने चिकटवलेल्या असतात. रूप असे की हात फिरवत राहावे, आणि आत पाणी गेले की थेट भंगारवाल्याकडे. आणि यातल्या कैक वस्तू नकली नव्हत्या बरं का! चांगल्या पावतीसकट घेतलेल्या, अस्सल होत्या. म्हणून अस्सल आणि नक्कल एवढ्यावर परीक्षण संपत नाही. मी स्क्रू मोजतो, ते यासाठी.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आमच्या शेजारच्या आजींना एका पावसाळी सकाळी इस्त्रीचा झटका बसला. आजी वाचल्या. वाचल्या म्हणजे एवढ्या की अर्ध्या तासात त्यांनी “हल्लीच्या विजेत पूर्वीचा दम नाही,” असे मत दिले. मी इस्त्रीची प्लग उघडून पाहिली. तिला पिना तीन होत्या. वरची, अर्थिंगची पिन, बाकी दोघींपेक्षा लांब आणि जाड असते. जाड अशासाठी की ती भलत्या भोकात शिरू नये. लांब अशासाठी की प्लग लावताना ती सर्वांत आधी टेकावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी. इस्त्रीच्या पत्र्यात वीज उतरली, तर ती माणसाच्या अंगातून जाण्याऐवजी या पिनेवाटे जमिनीत जावी, ही योजना. घरातले वडीलधारे माणूस असते ना, सगळ्यांच्या आधी दार उघडणारे आणि सगळ्यांच्या शेवटी झोपणारे, तशी ही पिन. या प्लगमध्ये ती पिन होती. लांब होती, जाड होती, चकचकीत होती. तिला तारच जोडलेली नव्हती. केबलमध्ये तारा दोनच होत्या. वर आयएसआयचा शिक्का होता, पण नुसताच. अस्सल शिक्क्याच्या वर मानकाचा आणि खाली परवान्याचा क्रमांक असतो, तो आता फोनवरसुद्धा पडताळून पाहता येतो.

नकलेवरचे माझे प्रेम इथे संपते. माणकांशिवायचे घड्याळ फार तर मागे पडेल. तुम्ही लोकल चुकवाल, ऑफिसात कोणाला आश्चर्यही वाटणार नाही. पण तारेशिवायची पिन ही समीक्षा नव्हे. ती थाप आहे, आणि ती आजींच्या हाताला मारलेली आहे. (आपल्याकडे प्लगच न वापरता दोन वायरी थेट सॉकेटात खुपसून वर काड्यापेटीच्या काड्या ठोकणारे महाभाग आहेत. अंबरनाथच्या सेफ्टी काडीचा असा उपयोग स्वीडनमध्ये कोणाला सुचला नसेल. पण त्यांचे एक आहे: ते धोका उघड्यावर मांडतात.)

आजींसाठी चांगली प्लग आणि तीन तारांची केबल घ्यायला मी उल्हासनगरच्या बाजारात गेलो. दुकानदाराने पुढे ठेवलेली प्लग मी सवयीने उघडली आणि त्याला आत दाखवले. तो चिडला नाही. “सब यही लेते हैं साहब, सस्ता पडता है,” म्हणाला. तेवढ्यात माझी नजर त्याच्या गल्ल्यामागे गेली. त्याच्या डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याची प्लग चांगली वजनदार होती, शिक्का आणि क्रमांक दोन्ही असलेली, आणि केबलही जाड. मी बोट दाखवून म्हटले, “मला ती द्या, तसली.”

त्याने वळून पाहिले आणि इतक्या वर्षांत कोणा समीक्षकाला न साधलेली व्याख्या एका वाक्यात करून टाकली.

“वो बेचने का माल नहीं है, साहब. वो लगाने का है.”