ऋषी की विद्यार्थी?

मारुती चितमपल्ली १९३२ साली सोलापुरात जन्मले आणि २०२५ साली सोलापुरातच निवर्तले. २००६ साली याच शहरातील साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांना 'अरण्यऋषी' म्हणण्याची प्रथा आहे. पदवी दिली की पुस्तक वाचण्याच्या श्रमातून आपण सुटतो!

वस्तुतः ऋषी एकाकी असतो. 'रानवाटा' किंवा 'पक्षी जाय दिगंतरा' यांतील निवेदक क्वचितच एकटा असतो. नवेगावचे तळे असो की मेळघाटचे डोंगर, त्याच्यापुढे कोणी गोंड, ढीवर वा कोरकू वाटाड्या चालत असतो. पाऊल कोठे टाकावे हे तो सांगतो. झाडापाखरांची नावेही तोच देतो. कावळ्यांच्या वीणवसाहतीला 'काकागार' म्हणणारा हा शब्दकार मुळात असा श्रोता आहे.

मात्र याच श्रद्धेतून त्यांचा दोष उद्भवतो. ऐकलेले आणि पाहिलेले यांतील रेघ ते पुष्कळदा पुसून टाकतात. वनाधिकाऱ्याने शंका घ्यावी तेथे भक्त मान डोलावतो. आख्यायिका म्हणून जे मोहक, ते निरीक्षण म्हणून टिकत नाही.

तरीही, आज जिप्सीतून रान पाहणारे पर्यटक वाटाड्याला बहुधा एकच प्रश्न विचारतात : वाघ कोठे आहे? चितमपल्लींनी त्याला गवताचे नाव विचारले, आणि उत्तर मराठीत टिपून ठेवले. त्यांचे खरे मोल जाणायचे, तर ऋषीची वस्त्रे उतरवून हा विद्यार्थीच पाहिला पाहिजे.