‘दुर्मिळ’ ॲटलास आणि दर पावसाळ्यातली तीच बातमी

पावसाळा लागला की ही बातमी येतेच. अमुक गावात, तमक्यांच्या घराच्या भिंतीवर ‘दुर्मिळ ॲटलास पतंग’ आढळला, पाहायला गर्दी झाली. सोबत फोटो: तळहातापेक्षा मोठा, विटकरी रंगाचा, पंखांवर काच बसवल्यासारखे पारदर्शक त्रिकोण, आणि पुढच्या पंखांच्या टोकांना सापाच्या तोंडासारखा आकार. तुम्हीही वाचली असेल, बहुतेक घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. मी पतंगांवर पीएचडी करतेय, त्यामुळे मला ती दहा जणांकडून येते. आज त्या कीटकाबद्दल कमी आणि त्या बातमीबद्दल जास्त बोलायचंय.

आधी जमेची बाजू. ओळख बहुतेक वेळा बरोबर असते. फिकट हिरवा, मागे दोन लांब शेपट्या असतील तर तो चांद्र पतंग. चारही पंखांवर एकेक गोल डोळा असेल तर टसर. पारदर्शक त्रिकोण म्हणजे ॲटलास, इतकं सोपं आहे. आणि फोटो पाहून एखाद्यानं हातातली चप्पल खाली ठेवली असेल, तर बातमीनं तेवढं काम केलंच.

पुढे मात्र घसरते. ‘जगातलं सर्वांत मोठं फुलपाखरू’ हे वाक्य हमखास असतं. हे फुलपाखरू नाहीच. पंखांचा विस्तार 24-25 सेंमीपर्यंत जातो हे खरं, पण त्या बाबतीत अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातला व्हाइट विच नावाचा पतंग पुढे आहे. हे एक वेळ सोडून देऊ. (मराठीत ‘पतंग’ शोधायला गेलं की आधी मांजा आणि संक्रांतच समोर येते, त्यामुळे लिहिणाऱ्याची अडचण मी समजू शकते.)

माझं खरं भांडण ‘दुर्मिळ’ या शब्दाशी आहे. हा प्राणी पूर्ण वाढल्यावर जेमतेम आठवडा-दोन आठवडे जगतो, रात्री उडतो, दिवसा हलत नाही. त्याआधीचे महिने अळी आणि कोश होऊन झाडावर जातात, तिथे आपलं लक्ष नसतं. मग तो क्वचित दिसणारच. पण क्वचित दिसणं म्हणजे कमी असणं नव्हे. कमी आहे असं म्हणायचं तर पूर्वी किती होते हे माहीत हवं, आणि ते याच बातम्यांनी सांगता आलं असतं. मी अशी कात्रणं जमवते. बहुतेकांत घरमालकाचं नाव असतं, गर्दीचं वर्णन असतं. पतंग नेमका कोणत्या तारखेला दिसला, आसपास कोणती झाडं होती, हे नसतं. दरवर्षी ‘पहिल्यांदाच’ सापडणाऱ्या पतंगाची संख्या उद्या खरंच घटली, तर आपल्याला कळणार कसं?

दुर्मिळ कशाला म्हणायचं? जुलै 2022 मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, बेलव्ह्यू शहरातल्या एका घरी ॲटलास सापडला. त्या देशातली ही पहिली खात्रीची नोंद. तिथल्या कृषी खात्यानं लोकांना लगेच आवाहन केलं: आणखी दिसला तर फोटो आणि ठिकाण कळवा. त्यांना तो तिथे पसरायला नको होता, आपली गोष्ट उलटी आहे. पण पतंग दिसल्यावर विचारायचा प्रश्न त्यांनी बरोबर विचारला.

शिवाय आपल्याकडचा ॲटलास नेमका कोणता, हेही बातमी गृहीत धरते. ‘अटॅकस अटलास’ हे नाव लिनियसनं 1758 मध्ये दिलेलं. दक्षिण भारत आणि श्रीलंकेतल्या पतंगाला ‘अटॅकस टॅप्रोबॅनिस’ ही वेगळी प्रजाती मानतात. त्यामुळे सह्याद्रीतल्या प्रत्येक फोटोखाली पहिलंच नाव चिकटवणं घाईचं आहे.

सगळ्यात जास्त खटकतं ते ‘तोंड नसल्यामुळे बिचारा उपाशी मरतो’. त्याची सोंड कामाची नसते, बरोबर. पण अळी असतानाच त्यानं पेरू, लिंबू, दालचिनी अशा झाडांची पानं भरपूर खाऊन चरबी साठवलेली असते. ‘बिचारा’ वाचून लोक साखरपाणी ठेवतात, खोक्यात घालून शाळेत दाखवायला नेतात, नाहीतर ‘जंगलात सोडून’ येतात. भिंतीवरची ती मादी असेल, तर ती एका जागी बसून हवेत गंध सोडत असते आणि नर त्या वासावर लांबून येतात. आठवडाभराच्या आयुष्यातले दोन दिवस खोक्यात गेले, तर अंडी फलित व्हायची संधीच जाऊ शकते. तिला हलवू नका. अंगणातला दिवा तेवढा बंद करा.

नर की मादी, हे डोक्यावरच्या मिशांवरून कळतं: नराच्या रुंद, पिसासारख्या, मादीच्या अरुंद. म्हणून फोटो समोरून, मिशा दिसतील असा काढा, मोजायला शेजारी पट्टी धरा, तारीख आणि गाव लिहून ठेवा. जवळच्या झाडाचं नाव माहीत नसेल तर पानाचाही एक फोटो घ्या.