फ्री-मोशन क्विल्टिंगचे शिक्षण आणि हस्तकौशल्याचा निकष : एक चिकित्सा

प्रस्तावना

कापडाचे दोन थर आणि त्यांच्यामध्ये कापसाचा किंवा लोकरीचा एक थर ठेवून तिन्ही थर टाक्यांनी एकत्र बांधणे, म्हणजे क्विल्टिंग होय. अमेरिकेत या कलेची परंपरा जुनी असून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला संग्रहालये, स्पर्धा, ग्रंथ आणि समीक्षा यांचे अधिष्ठान लाभले. याच काळात साध्या घरगुती शिवणयंत्रावर ‘फ्री-मोशन’, म्हणजे मुक्तचलन पद्धतीने क्विल्ट शिवण्याचे तंत्र तेथे रूढ झाले आणि ते शिकविणारे विपुल साहित्यही निर्माण झाले. या साहित्यात टाक्यांचा सारखेपणा हा जवळजवळ एकमेव निकष मानलेला दिसतो. हा निकष कोठून आला आणि तंत्राच्या स्वरूपाशी तो कितपत सुसंगत आहे, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

तंत्राचे स्वरूप

नेहमीच्या शिवणीत कापड पुढे सरकविण्याचे काम यंत्राचे दाते करतात. टाक्याची लांबी बटणावर ठरते; शिवणाऱ्याच्या हाताला केवळ दिशा देण्याचे काम उरते. मुक्तचलन पद्धतीत हे दाते खाली उतरविले जातात किंवा झाकले जातात. नेहमीचा पाय काढून रफूचा पाय बसविला जातो. तो कापड दाबून धरीत नाही, सुईबरोबर उचलला जातो. यामुळे कापड पुढे, मागे, आडवे, गोलाकार असे कोणत्याही दिशेने फिरविता येते, पण ते आपणहून तसूभरही हलत नाही. आपल्याकडील शिवणवर्गांत यंत्रावरील भरतकाम शिकविताना पाय काढून, दाते निकामी करून, गोल फ्रेममध्ये ताणलेले कापड सुईखाली फिरविण्याची जी रीत आहे, तिचेच हे भावंड म्हणावे लागेल. फरक आहे तो आकाराचा आणि वजनाचा. भरतकामात फ्रेममधील वीतभर ताणलेले कापड हाताळायचे असते. येथे पलंगभर पसरणारे तीन थर फ्रेमशिवाय, सुई आणि यंत्राचा खांब यांमधील सहा-सात इंचांच्या जागेतून गुंडाळी करून न्यावे लागतात. टेबलाच्या कडेवरून लोंबणारे वजन हाताला सतत विरुद्ध दिशेने ओढत असते.

टाक्याची लांबी येथे दोन वेगांच्या गुणोत्तरातून जन्मते. सुई मिनिटाला ६०० टाके घालीत असेल आणि हात त्याच मिनिटात ६० इंच अंतर कापीत असेल, तर इंचाला दहा टाके पडतात. हात तेवढाच राहून पायावरील दाब वाढला आणि सुई ९०० वर गेली, तर तेच टाके इंचाला पंधरा होतात. म्हणजे उजवा पाय आणि दोन्ही हात यांच्यामध्ये एक संवाद चालू ठेवावा लागतो, आणि तोही रेषेचे वळण डोळ्यांसमोर घडत असताना. वळणावर हात क्षणभर थबकला की टाके गर्दी करतात. उलट तो झपकन वळला की टाके लांबतात आणि वरचा धागा मागील बाजूस ओढला जाऊन तेथे पापण्यांसारखे बारीक फासे दिसू लागतात. सुई कापडात असताना हाताने ओढ दिली, तर ती वाकून पत्र्यावर आपटते आणि तुटते. चित्रकलेशी तुलना केल्यास येथे लेखणी स्थिर असून कागद हलतो. कागदावर सहज नागमोडी रेषा काढणारी व्यक्तीही म्हणूनच यंत्रासमोर प्रथम गोंधळते.

शिकविणाऱ्या साहित्याची मर्यादा

या विषयावरील सूचनापर साहित्य साधनांबाबत अत्यंत तपशीलवार आहे. कोणती सुई, कोणता धागा, पिना किती अंतरावर, पकड घट्ट राहावी म्हणून कोणते हातमोजे, हे सर्व त्यात सापडते. हाताविषयी मात्र ‘खांदे सैल सोडा’, ‘घाई करू नका’, ‘रोज थोडा सराव करा’ यापलीकडे ते क्वचितच जाते. सायकल शिकविणाऱ्याने ‘तोल सांभाळा’ एवढेच सांगून बाजूला व्हावे, तसा हा प्रकार आहे. ‘घाई करू नका’ हा उपदेश तर बरेचदा अपायच करतो. नवशिकी व्यक्ती भीतीने सुईचा वेग फार कमी ठेवते. मग प्रत्येक टाक्याला सुई कापड अडवून धरते, हात धक्क्याधक्क्याने पुढे जातो आणि रेषा कोनदार होते. सुईचा वेग मध्यम असेल तर कापडाचे चलन अखंड राहू शकते. घाई टाळावयाची ती हाताची, सुईची नव्हे. हा भेद पुष्कळ ठिकाणी स्पष्ट केलेला आढळत नाही.

पॅडुका, १९८९

निकषांचा प्रश्न प्रथम ठळकपणे पुढे आला तो स्पर्धेच्या निमित्ताने. केंटकी राज्यातील पॅडुका येथे अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या १९८९ च्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या ‘कोरोना टू : सोलर इक्लिप्स’ या क्विल्टला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. तेथे हा मान मिळविणारे ते पहिले यंत्रशिवण क्विल्ट होते. हातशिलाई करणाऱ्या अनेकांना हा निर्णय रुचला नाही. यंत्राने शिवले म्हणजे हाताचे श्रम वाचविले, आणि श्रम वाचविलेली वस्तू वारसा कशी ठरेल, असा आक्षेपाचा सर्वसाधारण रोख होता.

हा आक्षेप तंत्राच्या अज्ञानावर उभा आहे. ब्रिटिश कारागीर-विचारवंत डेव्हिड पाय यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात कारागिरीचे दोन प्रकार कल्पिले. ज्या कामात परिणाम आधीच निश्चित झालेला असतो ती निश्चितीची कारागिरी. आणि ज्या कामात शेवटच्या क्षणापर्यंत वस्तू बिघडण्याचा संभव असतो ती जोखमीची कारागिरी. वीज वापरली की हात, हा पाय यांच्या मते खरा भेद नव्हेच. या दृष्टीने पाहता शिवणयंत्राचे दाते हे निश्चितीचे साधन आहे. ते उतरविताच तेच यंत्र जोखमीच्या बाजूला येते. सुई वरखाली करण्याचे श्रम वाचले हे खरे. परंतु टाका कोठे पडेल आणि किती लांब पडेल याची जबाबदारी पूर्णपणे हातावर आली. हाताने धावदोरा घालणाऱ्या व्यक्तीला निदान प्रत्येक टाक्यापूर्वी थांबून पाहता येते. मिनिटाला सहाशे टाके पडत असताना ती सवलत नाही.

अनुकरणाचा काळ

विरोधापेक्षाही विचारात घेण्यासारखा आहे तो समर्थकांचा प्रतिसाद. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून हॅरिएट हारग्रेव्ह यांच्या ‘एअरलूम मशीन क्विल्टिंग’ या ग्रंथाने हे तंत्र असंख्य घरांत पोहोचविले. त्याच्या उपशीर्षकातच यंत्रावर हातशिलाईचा परिणाम साधून देण्याचे आश्वासन आहे. वर पारदर्शक नायलॉनचा धागा वापरण्याची त्यांची पद्धत प्रसिद्ध आहे. असा धागा दिसत नाही. दिसतो तो टाक्याने पडलेला खळगा. म्हणजे यंत्राच्या टाक्याने स्वतःला लपवावे आणि हातटाक्याची छाया मागे ठेवावी, अशी ही योजना. डायन गॉडिन्स्की यांनी पुढे घरगुती यंत्रावरच बारीक धाग्याने पिसांच्या आणि जाळीच्या नक्षीचे जे काम केले, ते कौशल्याच्या दृष्टीने थक्क करणारे आहे. मात्र त्याचेही मूळ जुन्या एकरंगी हातक्विल्टच्या सौंदर्यकल्पनेत आहे.

मान्यता मिळविण्याचा हा मार्ग समजण्याजोगा असला, तरी त्याची किंमत पुढील शिकणाऱ्यांनी मोजली. हातशिलाईतील एकसारखा बारीक टाका हा तेथे संयमाचा पुरावा मानला जात असे. मुक्तचलन शिवणीने तो निकष जसाच्या तसा उचलला, आणि दाते उतरवून जे सोडले तेच पुन्हा हाताकडून मागितले. शिकणारी व्यक्ती महिनोन्‌महिने आपल्या हाताला दाते बनविण्याचा प्रयत्न करीत राहते. रेषेचा ओघ, मोकळ्या जागेचे भान, नक्षी आणि खालच्या कापडाचा मेळ या गोष्टी ‘नंतर’ साठी राखून ठेवल्या जातात, आणि अनेकांच्या बाबतीत ते ‘नंतर’ येत नाही. क्विल्टचा वरचा थर जोडून तो लाँगआर्म यंत्रावर शिवून देणाऱ्या व्यावसायिकाकडे पाठविला जातो.

पुढे यंत्र-उत्पादकांनीच या चिंतेवर उपाय काढला. बर्निना कंपनीच्या टाका-नियामकात पायाशी बसविलेला संवेदक कापडाचा वेग वाचतो आणि त्यानुसार सुईचा वेग बदलतो. टाके सारखे पडतात. परंतु दाते काढून मिळविलेली जोखीम अशा रीतीने परत निश्चितीकडे झुकते. ज्यांचे मनगट अधू आहे त्यांना हे साधन उपकारक आहे यात शंका नाही. मात्र सारखेपणा जर विकत मिळू लागला, तर तोच कौशल्याचा मुख्य निकष म्हणून टिकणे अवघड आहे.

समीक्षेची जबाबदारी

या संभ्रमात समीक्षेचाही वाटा आहे. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात १९७१ मध्ये जोनाथन होल्स्टीन व गेल व्हान डर हूफ यांच्या संग्रहातील क्विल्टचे प्रदर्शन भरले. त्याने क्विल्टला अमूर्त चित्रकलेच्या शेजारी नेऊन बसविले, ही त्याची थोरवी. पण भिंतीवर टांगलेले क्विल्ट दुरून पाहिले जाते. दुरून दिसतात ते रंग आणि तुकड्यांची मांडणी. टाक्यांची रेषा जवळ गेल्याशिवाय, तिरप्या उजेडाशिवाय दिसत नाही. शिवणाऱ्या स्त्रियांची नावे या दृष्टिकोनात मागे पडली, हा स्त्रीवादी अभ्यासकांचा आक्षेप परिचित आहे. टाकाही त्याच वेळी मागे पडला, हे फारसे बोलले गेले नाही. रंगमांडणीसाठी समीक्षेने समृद्ध परिभाषा घडविली. टाक्यासाठी ‘सारखा’ आणि ‘असमान’ या दोन शब्दांवर भागविले.

महाराष्ट्रातील गोधडीशी तुलना येथे एका मर्यादेतच उपयोगी आहे. जुन्या लुगड्या-धोतरांचे थर धावदोऱ्याने बांधणारी गोधडी पाहताना टाका इंचाला किती, असे कोणी मोजत नाही. थर सुटतात का, धुतल्यावर कापड गोळा होते का, अंगावर ती कशी बसते, हे पाहिले जाते. टाक्याचे मूल्य त्याच्या कामावरून ठरविण्याची ही दृष्टी मुक्तचलन शिवणीच्या परीक्षकालाही वापरता येईल. पाव इंचाहून लांब टाका अडकून तुटतो, म्हणून तो दोष. वळणावर किंचित आखूड पडलेला टाका थर अधिक घट्ट धरतो. त्याला दोष म्हणण्याचे कारण केवळ सवयीचे आहे. सरावाचा तुकडा तपासताना तो आधी उलटा करावा. मागील बाजूस रंगांचे आकर्षण नसते, दिसते ती केवळ रेषा : हात कोठे बावरला, कोठे त्याला पुढची दिशा आधीच ठाऊक होती, कोठे धागा संपल्यावर तो त्याच ओघात परत मिळाला, आणि कोणत्या वळणावर वरचा धागा खाली ओढला गेला.